घराचा पाया : तडा कसा ओळखावा, दुरुस्ती केव्हा करावी

एप्रिल-मे महिन्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटलेली दिसते. घरमालक गिलावा करून घेतो, दिवाळीपूर्वी रंगही काढतो आणि निश्चिंत होतो. पुढच्या उन्हाळ्यात तीच भेग, त्याच जागी, किंचित अधिक रुंद होऊन पुन्हा उघडते. काळ्या मातीच्या प्रदेशातील असंख्य घरांचा हा अनुभव आहे. दोष भिंतीत शोधला जातो आणि खर्चही भिंतीवरच होतो. प्रत्यक्षात हालचाल होत असते ती पायाखालच्या जमिनीत.

घर ही बहुतेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी असते. त्यामुळे भिंतीला तडा गेला की दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक म्हणजे दुर्लक्ष. दुसरी म्हणजे घाबरून जाऊन, कारण न शोधताच, पाया मजबूत करण्याचे खर्चिक काम सुरू करणे. या दोन्ही चुका टाळण्यासाठी एक क्रम लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते : प्रथम धोका आहे का ते पाहावे, मग पाण्याचा बंदोबस्त करावा, तड्याची नोंद ठेवावी आणि त्यानंतरच दुरुस्तीचा निर्णय घ्यावा.

काळी आणि पांढरी

मराठी मुलखात गावाच्या जमिनीची काळी आणि पांढरी अशी वाटणी पूर्वापार चालत आली आहे. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. या वाटणीमागे सुपीक जमीन पिकांसाठी राखण्याचा हेतू होताच; परंतु तिच्यामुळे घरेही काळ्या मातीपासून बऱ्याच अंशी दूर राहिली. गेल्या काही दशकांत शहरे वाढली, शेतजमिनी बिगरशेती झाल्या आणि जेथे कापूस किंवा ज्वारी उभी असे तेथे भूखंड पडले. पूर्वी पिकाला मानवणारी माती आता पायाखाली आली.

ही माती केवळ महाराष्ट्रापुरती नाही. दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली काळी माती विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशाप्रमाणेच माळवा, गुजरात, उत्तर कर्नाटक आणि तेलंगण या भागांतही मोठ्या प्रमाणावर आढळते. म्हणजेच इंदूर, उज्जैन किंवा वडोदरा या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा विषय तितकाच जवळचा आहे.

ओलावा आला की फुगते, आटला की आकसते

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या प्रकारचे चिकणमातीचे खनिज असते. त्याची रचना अतिसूक्ष्म पापुद्र्यांची असून पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरते व त्यांना दूर ढकलते. त्यामुळे पावसाळ्यात माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

मोकळ्या शेतात हा बदल सर्वत्र सारखा होतो. घराखाली मात्र तो असमान असतो. घराच्या मध्यभागी ऊन व वारा पोहोचत नसल्याने तेथील ओलावा बराचसा टिकून राहतो. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात सुकते आणि दर पावसाळ्यात भिजते. परिणामी घराच्या कडा वर्षातून एकदा खाली जातात व एकदा वर येतात. पाया सगळा मिळून खाली गेला तर घराला फारशी इजा होत नाही. एक भाग खाली आणि दुसरा जागच्या जागी राहिला, की भिंती फाटतात.

हलकी घरे या मातीवर सुरक्षित असतात, हा समज चुकीचा आहे. फुगणाऱ्या मातीचा वर ढकलणारा दाब एकमजली घराच्या पायावर येणाऱ्या भारापेक्षा अधिक असू शकतो. त्यामुळे अनेकदा बंगली, कुंपणाची भिंत, पोर्च किंवा नंतर जोडलेली खोली यांनाच अधिक तडे जातात. मात्र याचा अर्थ वर एक मजला चढवून घर दाबून धरावे असा नव्हे. तपासणीविना वाढवलेला भार नवे संकट उभे करतो.

प्रत्येक तडा पायाचा नसतो

घाबरून जाण्यापूर्वी तडा कोठे आहे हे पाहणे आवश्यक आहे. भारतीय मानक संस्थेने (आताचा भारतीय मानक ब्यूरो) १९८४ साली इमारतींमधील तड्यांची कारणे व प्रतिबंध या विषयावर एक स्वतंत्र हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली असून तिच्यात पायाखेरीज अनेक कारणांची चर्चा आढळते.

गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या बारीक रेषा बहुधा गिलावा सुकताना पडतात. छताच्या स्लॅबखाली, भिंतीच्या माथ्यावर आडवी धावणारी भेग बऱ्याचदा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्यामुळे येते. विटांची भिंत आणि काँक्रीटचा खांब यांच्या सांध्यावर सरळ उभी रेषा दिसते, ती दोन वेगळ्या पदार्थांच्या कमी-अधिक आकुंचनामुळे. खांबात किंवा तुळईत सळईच्या दिशेने पडलेला आणि गंजाचे डाग दाखवणारा तडा हा लोखंड गंजल्याचे लक्षण होय. त्याचा पायाशी संबंध नसला तरी तो दुर्लक्षिण्याजोगा मुळीच नाही.

पायाच्या हालचालीची खूण वेगळी असते. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणारे तिरके तडे, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी भेग, जोत्यापासून सुरू होऊन आत व बाहेर दोन्हीकडे एकाच जागी दिसणारा तडा, अचानक घट्ट बसू लागलेली दारे, एका बाजूला उतरलेली फरशी, जोते आणि अंगणातील फरसबंदी यांच्यामध्ये पडलेली फट ही त्यातील प्रमुख लक्षणे आहेत. अशी दोन-तीन लक्षणे एकत्र दिसली तर पायाची तपासणी करून घेणे योग्य ठरते.

रुंदी, आकार आणि वय

तड्याचा आकार बरेच काही सांगतो. वर रुंद आणि खाली निमुळता तडा सामान्यतः घराच्या कडा खाली गेल्याचे किंवा मधला भाग उचलला गेल्याचे सूचित करतो. उलट, खाली रुंद आणि वर निमुळता तडा मधला भाग खचल्याकडे बोट दाखवतो.

रुंदीबाबत ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेचे वर्गीकरण जगभर वापरले जाते. त्यानुसार १ मिलिमीटरपर्यंतचा तडा किरकोळ समजला जातो व नेहमीच्या रंगकामात तो झाकला जातो. ५ मिलिमीटरपर्यंतचे तडे भरून काढता येतात. मात्र दारे-खिडक्या थोड्या अडकू शकतात. ५ ते १५ मिलिमीटर रुंदीच्या तड्यांसाठी भिंतीचा काही भाग उकलून पुन्हा बांधण्याची वेळ येऊ शकते. १५ मिलिमीटरच्या पुढे नुकसान गंभीर मानले जाते आणि २५ मिलिमीटरच्या पुढे इमारतीच्या स्थैर्याचाच प्रश्न उभा राहतो. हे आकडे विटांच्या किंवा दगडांच्या भिंतींसाठी आहेत. काँक्रीटच्या खांबात व तुळईत याहून कितीतरी लहान तडाही चिंताजनक ठरू शकतो.

तथापि, रुंदीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा की तडा अजून चालू आहे की थांबला आहे? दहा वर्षांपूर्वी घर बसताना पडलेला आणि नंतर न वाढलेला ४ मिलिमीटरचा तडा, तीन महिन्यांत शून्यावरून २ मिलिमीटरवर गेलेल्या तड्यापेक्षा कमी काळजीचा असतो. तड्याच्या आत धूळ, जुना रंग किंवा कोळ्याचे जाळे असेल तर तो जुना समजावा. कडा तीक्ष्ण आणि आतला भाग स्वच्छ असेल तर तो नवा असण्याची शक्यता अधिक.

वर्षातून दोनदा पाहणी

काळ्या मातीवरील घराची पाहणी वर्षातून दोनदा व्हावी : एकदा मे महिन्याच्या अखेरीस, जमीन सर्वाधिक सुकलेली असताना, आणि दुसऱ्यांदा पावसाळा संपल्यावर. यासाठी एक वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि कॅमेरा असलेला मोबाइल एवढे साहित्य पुरते.

तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहावी. पुढच्या पाहणीत तडा खुणेच्या पलीकडे गेला असेल तर त्याची लांबी वाढली, हे लगेच कळते. रुंदी मोजण्यासाठी तड्याच्या दोन बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवून त्यांच्यातील अंतर दर महिन्याला मोजावे. छायाचित्र काढताना मोजपट्टी तड्याला लावूनच काढावे. अन्यथा दोन छायाचित्रांची तुलना करता येत नाही.

तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी पद्धतही उपयोगी आहे. काच तुटली म्हणजे हालचाल झाली. मात्र ती गिलाव्यावर न चिकटवता, गिलावा काढून थेट विटेवर बसवावी. हालचाल किती आणि कोणत्या दिशेने झाली, हे काच सांगत नाही, ही तिची मर्यादा आहे.

भिंत कललेली आहे का, हे गवंड्याच्या ओळंब्याने पाहता येते. जोत्याची पातळी तपासण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून केलेली लेव्हल पुरेशी ठरते. बांधकाम करतानाच जोते थोडे खाली-वर राहिलेले असू शकते. म्हणून एकाच मोजणीवरून निष्कर्ष न काढता त्याच ठिकाणांची मोजणी पुढच्या हंगामात पुन्हा करावी.

निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा नोंदी ठेवल्यानंतर चित्र स्पष्ट होते. उन्हाळ्यात उघडणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा मातीच्या हंगामी हालचालीचा असतो. ऋतू कोणताही असो, सतत एकाच दिशेने वाढणारा तडा मात्र पाया खचत असल्याची शंका निर्माण करतो. या दोहोंचे उपाय वेगळे आहेत. धोक्याची लक्षणे नसतील, तर घाई करण्यापेक्षा वर्षभराची ही प्रतीक्षा फायद्याची ठरते.

पाण्याचा माग

पायाच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते. हे पाणी नेहमी पावसाचेच असते असे नाही. गच्चीवरून उतरणारा नळ थेट जोत्याच्या कोपऱ्यात सुटलेला असणे, वरची टाकी रोज भरून वाहणे, न्हाणीघराच्या मोरीची गळकी जोडणी, जमिनीखालची फुटकी नळी, भिंतीला लागून असलेली सेप्टिक टाकी किंवा शोषखड्डा, जोत्याला चिकटून केलेले आणि रोज पाणी घातले जाणारे फुलझाडांचे वाफे, अशी ही यादी आहे. घराच्या एकाच कोपऱ्यात तडे असतील तर त्या कोपऱ्याभोवती पाणी कोठून येते, हा पहिला प्रश्न असावा.

गळतीचा शोध घरच्या घरी घेता येतो. रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली असेल तर टाकीत किंवा नळीत कोठेतरी गळती आहे. सांडपाण्याच्या वाहिनीसाठी निळीचे पाणी ओतून ते पुढच्या चेंबरमध्ये पूर्णपणे पोहोचते का, ते पाहावे.

झाडांचा परिणाम उलट दिशेने होतो. वड, पिंपळ, निलगिरी यांसारखी मोठी झाडे मातीतील ओलावा शोषून घेतात आणि पायाजवळची माती आकसते. झाडाची पूर्ण वाढ झाल्यावर जेवढी उंची होईल, निदान तेवढे अंतर घरापासून राखावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. मात्र घराजवळचे जुने मोठे झाड एकाएकी तोडणे हाही उपाय नव्हे. झाड गेल्यावर माती पुन्हा ओलावा धरते, फुगते आणि यापूर्वी खचलेला कोपरा आता वर उचलला जाऊ शकतो. त्यामुळे झाडाबाबतचा निर्णय अभियंत्याच्या सल्ल्याने आणि आवश्यक त्या परवानगीनेच घ्यावा.

जुन्या घरांमध्ये घुशींचा उपद्रवही विसरता कामा नये. जोत्याखाली त्यांनी केलेल्या बिळांतून पाणी शिरते आणि भरावाची माती वाहून जाते. फरशी पोकळ वाजत असेल तर ही शक्यता तपासावी.

मातीची परीक्षा

घरमालकाच्या नोंदींतून पायाची हालचाल दिसून आली, तर पुढचे काम तज्ज्ञांचे आहे. स्ट्रक्चरल अभियंता इमारतीची तपासणी करतो. माती परीक्षणासाठी भूतंत्र प्रयोगशाळेची मदत घ्यावी लागते. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशा चाचण्या केल्या जातात. जोत्यालगत खड्डा घेऊन पायाची खोली, रुंदी आणि त्याखालील माती प्रत्यक्ष पाहिली जाते. असा खड्डा पावसाळ्यात घेऊ नये, एका वेळी एकच घ्यावा आणि काम झाल्यावर थराथराने ठोकून भरावा.

माती किती फुगते, हे ठरवणारी एक चाचणी अगदी सोपी आहे. भारतीय मानकानुसार कोरड्या, चाळलेल्या मातीचे प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन नमुने काचेच्या दोन मापनळ्यांत घेतले जातात. एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरतात. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. २४ तासांनंतर दोन्हींतील मातीच्या आकारमानाची तुलना केली जाते. पाण्यातील माती १८ मिलिलिटर आणि रॉकेलमधील १० मिलिलिटर भरली, तर फुगण्याचा निर्देशांक ८० टक्के होतो. हा निर्देशांक ५० टक्क्यांच्या पुढे गेला की पायाबाबत सावध राहावे लागते आणि १०० टक्क्यांच्या पुढे माती गंभीर वर्गात मोडते.

अभियंत्याचा अहवाल लेखी असावा. त्यात तड्यांचा नकाशा, पायाची प्रत्यक्ष खोली, मातीचा प्रकार, पाण्याचे स्रोत, निदान आणि कामांचा क्रम यांचा उल्लेख असणे अपेक्षित आहे. तपासणी करणारा आणि दुरुस्तीचे कंत्राट घेणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात. तपासणीचे शुल्क वाचवण्यासाठी ‘पाहणी मोफत’ म्हणणाऱ्या कंत्राटदारावरच निदान सोपवल्यास अनावश्यक काम गळ्यात पडण्याचा संभव असतो.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीची सुरुवात पाया खोदण्यापासून होत नाही. ती पाण्यापासून होते. गच्चीचे पाणी नळीने घरापासून दूर न्यावे, गळत्या बंद कराव्यात, वाफे हलवावेत आणि जमिनीचा उतार घराकडून बाहेरच्या दिशेला करून घ्यावा. त्यानंतर जोत्याभोवती सुमारे दीड ते दोन मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा बांधावा. त्यामुळे पायाजवळची माती पावसात एकदम भिजत नाही आणि उन्हात एकदम सुकत नाही. पट्टा व भिंत यांमधील सांधा सिमेंटने न बुजवता लवचीक पदार्थाने भरावा. अनेक घरांमध्ये एवढ्यानेच तड्यांची वाढ थांबते. हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय आहे.

दुसरा टप्पा तडे भरण्याचा. हालचाल थांबल्याची खात्री झाल्यावरच हे काम करावे. चालू तड्यात कडक सिमेंट भरल्यास काही महिन्यांत शेजारीच नवा तडा जातो. हंगामी हालचाल थोडी शिल्लक असेल तर लवचीक पदार्थ वापरावा. थांबलेल्या रुंद तड्यासाठी विटांच्या सांध्यांत आडव्या सळया बसवून भिंत ‘शिवून’ घेण्याची पद्धत आहे.

तिसरा टप्पा पाया अधिक खोल नेण्याचा. जुन्या पायाखाली टप्प्याटप्प्याने खोदून काँक्रीटचा नवा आधार दिला जातो. हे काम सलग करता येत नाही. साधारण एक ते दीड मीटर लांबीचे तुकडे पाडून, एक तुकडा पूर्ण करून, मध्ये अंतर सोडून पुढचा घ्यावा लागतो. संपूर्ण बाजू एकदम उघडी पाडल्यास भिंत कोसळू शकते. घराचा एकच कोपरा खोल पायावर नेल्यास तो स्थिर राहतो आणि उरलेले घर हलत राहते. मग त्या दोहोंच्या सीमेवर नवे तडे जातात. म्हणूनच हे काम आरेखनाशिवाय आणि देखरेखीशिवाय करू नये.

पायात सिमेंटचे दूध सोडून माती घट्ट करण्याचा उपायही सुचवला जातो. खडीच्या भरावात किंवा पोकळ्यांमध्ये त्याचा उपयोग होतो. काळ्या चिकणमातीची छिद्रे मात्र इतकी सूक्ष्म असतात की सिमेंटचे कण त्यांत शिरूच शकत नाहीत. ते सापडेल त्या फटीत जाऊन बसतात आणि माती पूर्वीसारखीच फुगत राहते.

तत्काळ घर सोडावे अशी लक्षणे

वर्षभर नोंदी ठेवण्याचा सल्ला प्रत्येक घराला लागू होत नाही. तडा काही दिवसांतच डोळ्यांना दिसेल इतका रुंदावणे, भिंतीला पोट येणे किंवा ती ओळंब्याबाहेर जाणे, स्लॅब झुकणे, खांबाचे काँक्रीट सुटून सळया उघड्या पडणे, भिंतीतून तडकल्याचे आवाज येणे, अनेक दारे एकाच दिवशी अडकणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी सामान हलवण्यात वेळ न दवडता कुटुंबाने बाहेर पडावे व स्थानिक प्रशासनाला आणि अभियंत्याला तत्काळ कळवावे.

शेजारच्या भूखंडावर तळघरासाठी खोल खोदकाम सुरू असेल तर विशेष दक्षता घ्यावी. खोदलेल्या बाजूला आधार नसेल तर लगतच्या घराच्या पायाखालची माती सरकू शकते. असे काम सुरू होण्यापूर्वीच आपल्या घराची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवणे, पुढे वाद झाल्यास, उपयोगी पडते.

जमीनच सरकते तेव्हा

काही ठिकाणी एका घराचा पाया दुरुस्त करून भागत नाही. उत्तराखंडमधील जोशीमठ येथे जानेवारी २०२३ मध्ये ८०० हून अधिक इमारतींना तडे गेले आणि अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. हे शहर जुन्या दरडींच्या राडारोड्यावर वसलेले आहे, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ सालीच दिला होता. तेथील माती काळी नाही आणि कारणेही वेगळी आहेत. पण सांडपाण्याच्या व पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा प्रश्न तेथेही चर्चेत आला. एकाच गल्लीतील अनेक घरांना एकाच सुमारास तडे जाऊ लागले, रस्त्यावर भेगा दिसू लागल्या किंवा उतारावरील झाडे, खांब कलू लागले, तर तो एकेका घरमालकाचा प्रश्न राहत नाही. त्याची माहिती प्रशासनाला देणे हेच पहिले पाऊल होय.

कायदा आणि विमा

विकासकाकडून घर घेतलेल्यांसाठी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील तरतूद महत्त्वाची आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील संरचनात्मक दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत, कोणतेही अतिरिक्त शुल्क न घेता दूर करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास खरेदीदार नुकसानभरपाई मागू शकतो. त्यामुळे पहिल्या पाच वर्षांतील तड्यांबाबतची तक्रार तोंडी न करता लेखी, तारखेसह करावी. वर सांगितलेली नोंदवही अशा वेळी पुरावा ठरते.

विम्याबाबत मात्र अनेकांचा गैरसमज असतो. एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत जमीन खचल्याने झालेल्या नुकसानीला संरक्षण आहे. परंतु नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे व तडकणे, भरावाच्या जमिनीची हालचाल, तसेच सदोष आरेखन किंवा निकृष्ट काम यांमुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले आहे. पॉलिसीतील ही कलमे घेतानाच वाचावीत.

नवे घर बांधताना

पायाच्या दुरुस्तीपेक्षा सुरुवातीची काळजी नेहमीच स्वस्त पडते. काळ्या मातीचा थर उथळ असेल तर तो काढून पक्क्या मुरुमावर पाया घेणे उत्तम. थर खोल असेल तर रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेत विकसित झालेल्या, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खुंटांचा पर्याय उपलब्ध आहे. खोल काळ्या मातीत त्यांची खोली किमान साडेतीन मीटर ठेवली जाते, कारण हंगामी ओलाव्याचा परिणाम साधारणपणे त्याखाली पोहोचत नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या, मुरुमासारख्या मातीचा थर मध्ये घालून काळ्या मातीची उसळी रोखण्याच्या तंत्रावर मूलभूत संशोधन केले. त्या तंत्राचा वापर कालव्यांच्या अस्तरीकरणातही झाला.

खुंटांवरील घराची एक बाब घरमालकाने जरूर ध्यानात ठेवावी. फुगणाऱ्या मातीत जोत्याची तुळई जमिनीपासून सुमारे ८ सेंटिमीटर वर ठेवलेली असते. ती फट म्हणजे अर्धवट राहिलेले काम नव्हे. माती फुगली तरी तुळईला धक्का लागू नये, म्हणून ती मुद्दाम सोडलेली असते. काही घरमालक नंतर ती माती आणि सिमेंट घालून बुजवून टाकतात आणि चांगल्या पायाचा हेतूच निष्फळ होतो.

भिंतीवरची भेग बुजवण्यापूर्वी तिच्याशेजारी तारीख लिहिणे, गच्चीचे पाणी कोठे पडते ते एकदा भर पावसात बाहेर जाऊन पाहणे आणि ऋतू पालटल्यावर पुन्हा मोजणी करणे, एवढ्या तीन गोष्टी कोणत्याही कुटुंबाला आजपासून करता येतील. अभियंता घरी येईल तेव्हा त्याच्या हाती देण्यासाठी याहून उपयुक्त माहिती दुसरी नाही.